कोळशाचे दाणे आणि दादांची धाप

माझ्यात एक जन्मजात खोड आहे. बिघडलेली वस्तू समोर असली की मला जेवण गोड लागत नाही. चालू असलेली वस्तूही मी उघडून बघतो, आणि मग ती बिघडते. बायको शेजारणींना सांगायची, "यांच्या हाताला खाज हाय, दुसरं काय न्हाय." ती खोटं बोलत नव्हती.

निजामाच्या अमदानीतली शेवटची काही वर्षं मी धाराशिवच्या एका अडत दुकानात कामाला होतो. मालकांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि रागावले की मराठी सोडून थेट कानडीत. गावाबाहेर तीन कोसांवर त्यांची जीन होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दुकान आणि जीन यांच्यामध्ये अप्पांनी परवानगी काढून स्वतःची टेलिफोनची तार ओढली होती. दोन टोकांना भिंतीवर दोन लाकडी पेट्या. दांडी फिरवली की पलीकडं घंटा वाजायची. पेट्या, तार, खांब, बॅटऱ्या, सगळं सांभाळायला मी. शाळा उर्दू चौथीपर्यंत झालेली; बाकीची विद्या उघडून आणि जोडून मिळवलेली.

जीनच्या टोकाला माझे वडील होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. वीस-बावीस वर्षं त्यांनी आत यंत्रावर काढली. कापसाचं तूस छातीत जाऊन जाऊन दम्यानं धरलं, तेव्हा अप्पांनी त्यांना चौकीदार करून फाटकावर बसवलं आणि शेजारची खोली राहायला दिली. हंगाम संपला की त्या माळावर ते एकटेच. सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आधी एकदा त्यांनी फोन करून खुशाली कळवायची, असा अप्पांचा नियम होता. फोन मी घ्यायचो. मी विचारायचो, "दादा, कसं हाय?" ते म्हणायचे, "बरं हाय." झालं बोलणं.

खरं सांगायचं तर ते दोन शब्दही मी कानापेक्षा अंदाजानंच ऐकायचो. त्या फोनमध्ये बोलायचं ते भोकांच्या वाटीत. वाटीमागं एक पातळ चकती, चकतीमागं कोळशाच्या दाण्यांनी भरलेली टिचभर डबी. आवाजानं चकती हलते, दाणे दाबले जातात, सुटतात, आणि त्या बेतानं तारेतली वीज कमी-जास्त होते. याला ट्रान्समीटर म्हणतात. आमच्या ट्रान्समीटरातले दाणे म्हातारे झाले होते. ओल धरून एकमेकांना चिकटायचे, आणि चिकटले की आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा. म्हणून आमच्याकडं रीत पडली होती: आधी पेटीला एक बुक्की, मग तोंड वाटीला लावून ओरडणं. अप्पा बोलू लागले की समोरच्या पेठेतली माणसं वळून बघायची. त्यांना फोनची गरजच नव्हती, असं मी हमालांना म्हणायचो. पण दादांच्या छातीत ना बुक्कीचा जोर होता ना ओरडायचा.

एका संध्याकाळी घंटा वाजली. मी फोन घेतला तर पलीकडं नुसती खरखर. "दादा! दादा!" काही नाही. मी फोन तसाच लोंबता टाकला, अप्पांची सायकल न विचारता उचलली आणि तीन कोस कसे तुडवले ते माझं मला माहीत. जाऊन बघतो तर दादा फाटकाजवळ बसून चुलीवर आमटी ढवळत होते. "तीनदा म्हणलो की, बरं हाय," ते म्हणाले. परत आल्यावर अप्पा पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मी मनात एकच हिशोब धरून बसलो: या माणसाला खरंच धाप लागली आणि त्यानं हाक मारली, तर ती हाक तारेवर चढणारच नाही. मग या तारेचा उपयोग काय, कावळे बसायला?

नवे दाणे मागवायची सोय नव्हती. लढाईमुळं विलायती माल बंद होता. म्हणून मी तेरखेड्याला गेलो. तिथं शोभेची दारू करणारे एक कारागीर होते. कोळसा म्हटलं की याच माणसाला विचारावं, असा माझा तर्क. त्यांनी मला रुईच्या झाडाचा, तुरकाट्यांचा असे निरनिराळे कोळसे चिमटीत धरून दाखवले, फुंकून दाखवले आणि सगळ्यांत हलका होता तो पुडीत बांधून दिला. मी हरखून परत आलो. डबीत भरला. पहिल्या दिवशी आवाज ठीक, दुसऱ्या दिवशी बसला, तिसऱ्या दिवशी उघडून बघतो तर दाण्यांचं काजळ झालेलं. दारूकामाला जो कोळसा हिरा, तो माझ्या कामाला माती. चूक माझी होती. त्या भल्या माणसानं त्यांच्या धंद्यातलं उत्तम ते दिलं होतं.

पण त्यांचं एक वाक्य डोक्यात घर करून बसलं होतं. चाळणी मारता मारता ते म्हणाले होते, "जाड-बारीक एका जागी झालं की घट बसतंय. एका मापाचं असलं की मोकळं ऱ्हातंय." मला कडक कोळसा पाहिजे होता आणि तोही एका मापाचा. कडक कोळसा माझ्या पायाशीच पडलेला होता. फोनच्या मेलेल्या बॅटऱ्या मी फेकत नसे, आणि प्रत्येकीच्या पोटात कोळशाची एक काळी कांडी असते. मी कांड्या कुटल्या. दोन कापडं घेतली, एक विरळ, एक दाट. विरळमधून पडले पण दाटमधून पडले नाहीत, तेवढेच दाणे ठेवले. ते धुतले आणि ओल जावी म्हणून भाकरीच्या तव्यावर भाजले.

तव्यावरून घरात महाभारत झालं. बायकोनं त्या तव्याला पुन्हा हात लावायला साफ नकार दिला आणि चार दिवस शेजारून तवा मागून आणला. तरी तिच्याच जुन्या खणाचा रेशमी तुकडा मी मेण लावून वाटीमागं बसवला, म्हणजे तोंडाची वाफ आत जाऊ नये. डबी काठोकाठ भरली नाही. दाण्यांना हलायला जागा ठेवली. चकती घासून घासून पातळ केली. पहिल्या दोन फाटल्या. मग दुकानाच्या माळ्यावर पडलेल्या दोन जुन्या पेट्या घरी आणून स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत तार ओढली आणि बायकोला म्हणालो, "बोल काहीतरी. हळू बोल." तिनं तोंड फिरवून पुटपुटल्यासारखं म्हटलं, "माझा तवा कवा मिळंल?" शब्द न शब्द माझ्या कानात आला. मी पडवीत उडीच मारली.

दुसऱ्या दिवशी जाऊन जीनवर तो ट्रान्समीटर बसवला. दादा शेजारी उभं राहून माझा हात बघत होते. मी कुठली फिरकी सोडवतो, कुठली आवळतो, सगळं. "आता ओरडायचं न्हाय," मी सांगितलं, "नुसतं बोला."

संध्याकाळी घंटा वाजली. मी फोन कानाला लावला आणि आधी मला तिकडचा होला ऐकू आला, तिथल्या बाभळीवर घुमणारा. मग दादा बोलले. "बरं," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास. आत जाताना शिटीसारखा बारीक आणि बाहेर येताना भात्यासारखा. मग "हाय." दोन शब्दांच्या मधे एवढं काही असतं हे जुन्या फोननं मला कधी कळूच दिलं नव्हतं. मी समोर गेलो की हा माणूस बसून असायचा, आमटी ढवळत असायचा, हं-हं म्हणायचा. चालताना, बोलताना मी त्यांना बघितलंच किती? मी घाबरलो. "दादा, धाप लागलीया का?" "न्हाय. चालत आलो, त्याचं हाय."

पुढचे चार दिवस फोन कानाला लावला की माझा जीव टांगणीला लागायचा. पाचव्या दिवशी आवाज बसला. पुन्हा तेच गोणपाट. माझं डोकंच फिरलं. दाण्यांनी ओल धरली? खणाला भोक पडलं? चकती सुटली? बॅटरी बदलली, खांबांवर चढून जोड तपासले, दुकानाची पेटी दोनदा उघडली. जेवताना बोटांनी ताटावर टिचक्या मारत बसायचो. बायको म्हणाली, "तुमी तरी झोपा, न्हायतर मला तरी झोपू द्या." शेवटी सकाळीच सायकल काढली.

दादा विहिरीवर गेले होते. मी पेटीजवळ गेलो, वाटीची फिरकी सोडवली. आत, वाटी आणि खणाच्या मधे, कापसाचा बोळा होता. पिंजून, दाबून, व्यवस्थित बसवलेला. मी तो हातात घेऊन उभा होतो तेवढ्यात दादा आले. घागर खाली ठेवून भिंतीला टेकले आणि श्वास जमवू लागले.

"दादा, ह्ये तुमी घातलंय?"

"व्हय."

"कशापायी?"

"तुझं यंत्र लई चांगलं झालंय म्हणून." ते चिडलेले नव्हते. "परवा तू नव्हतास तवा फोनवर अप्पा हुते. म्हणले, म्हातारबा, धाप लई लागतीया की. आज इचारलं. उद्या म्हणतील, घरी बस."

"मग बसा की घरी!"

"बसून काय करू? तुझ्या दारात खोकू?" त्यांनी हात पुढं केला. "आण त्यो बोळा हिकडं."

मी दिला नाही. मी ओरडलो. बापावर ओरडलो, आणि नको ते बोललो: पुन्हा बोळा घातलात तर अप्पांना मीच सांगेन. दादा घागर उचलून आत गेले. मी बोळा खिशात घालून परतलो. रस्ताभर मी स्वतःला सांगत होतो की मी त्यांचा जीव वाचवतोय. आजही मला वाटतं की ते खरं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी फोन केला. स्वच्छ आवाज, स्वच्छ धाप. नंतर एकदा दुकानात चार व्यापारी बसले असताना अप्पांनी मोठ्या कौतुकानं फोन उचलला, "बघा आमच्या पोरानं काय केलंय ते," म्हणत. ऐकता ऐकता त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी वाईट काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी छकडा पाठवून दादांना आणवलं, एक नवी घोंगडी दिली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता घरी ठेव त्यांना." फाटकावर दुसरा माणूस बसला.

दादा माझ्याकडं पडवीत राहू लागले. वैद्याचा काढा होता, बायको वेळेवर ऊन पाणी द्यायची, धाप थोडी कमीही झाली. मी निर्धास्त होऊन दुसऱ्या वस्तूंच्या मागं लागलो. त्यांचा श्वास भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू यायचा, त्यामुळं विचारायचं असं काही उरलंच नव्हतं.

वर्ष झालं असेल. एकदा दिवस मावळायच्या सुमारास मी पडवीत बसून शेजाऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. दादा खाटेवरून कितीतरी वेळ माझे हात बघत होते. मग एकेक श्वास घेत म्हणाले, "तिकडं हुतो तवर सांज-सकाळ इचारायचास, दादा, कसं हाय. हितं आल्यापसनं एकदाबी इचारलं न्हाईस."

घड्याळाची कमान माझ्या हातात होती. मान खाली घालून मी ती बसवायला लागलो. ती बसेना.