रूथबाईंच्या घरातली दोन माणसं

त्या दुपारी बुधियाबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती रूथबाईंच्या फाटकाबाहेर कधी आली नव्हती. आमच्या गल्लीला ते चालत नव्हतं. पायांना पट्ट्या बांधलेल्या, भिंतीचा आधार घेत घेत आली होती. "बाई उठून नाही राहिली," एवढंच म्हणाली...

रूथबाई माझ्या शेजारी. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा केव्हाच गेलेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला. तुमसरात त्यांच्या ओळखीची ख्रिस्ती घरं मोजकीच, ती सगळी रविवारी उपासनेला त्यांच्या बैठकीत जमायची. एरवी गल्लीतल्या बायका. कुणाला बीपी बघून हवं, कुणाच्या लेकराला ताप. त्यांचं दार मी कधी लोटलेलं पाहिलं नव्हतं.

बुधिया त्यांना भेटली तुमसर रोड स्टेशनच्या फलाटावर. बपेऱ्याच्या पलीकडची, मध्य प्रदेशातली बाई. राइस मिलमध्ये मजुरी करायची. कुष्ठरोग झाला, औषधांनी बराही झाला, पण बोटं वाकली, पाय बधिर झाले आणि तळव्याच्या जखमा भरेनात. गाडीत बसवून देतो म्हणून भावानं तिला तिथं आणलं आणि तो परत आलाच नाही. तिला न्यायला ऑटोवाले तयार होईनात. एक जण कबूल होईपर्यंत रूथबाई तिच्याशेजारी फलाटावर बसून राहिल्या आणि तिला घरी घेऊन आल्या.

मग त्या घरोघरी जाऊन सांगत फिरल्या, रोग बरा झालाय, कुणाला लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्यांच्याकडे जाणं सोडलं. रविवारची माणसंही गळाली. "घरी लेकरं आहेत ना बाई," म्हणत एक कुटुंब थांबलं, त्यामागोमाग बाकीची. शेवटी बैठकीत रूथबाई एकट्याच गाणी म्हणत, आणि शब्द ठाऊक नसलेली बुधिया वाकड्या बोटांनी टाळ्या वाजवत बसे. भिंतीपलीकडून ते ऐकताना मला भरून यायचं.

एकदा मी विचारलं, "काहून आणलं तुम्ही तिले? आश्रमात ठेवलं असतं तर?"

बुधियाचे पाय कोमट पाण्यात भिजवून त्या तेल लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पेपरात लढाया वाचतो, उपाशी लेकरांचे फोटो पाहतो. रोज म्हणतो, प्रभू, तू काही तरी कर. त्या दिवशी फलाटावर वाटलं, तो बी मले हेच म्हणून राहिला."

त्यांनी तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाल्या, "अन् खरं सांगू शालू? घर खायले उठे. बोलाले कोणी तरी पाहिजे होतं. लोक सेवा म्हणतात, पण त्यात माझा स्वार्थ किती, येशूले माहीत आहे... पण बाकीचे सारेच जातील, असं नव्हतं वाटलं वो."

रूथबाईंच्या दफनाला थोडीच माणसं होती. रविवारची मंडळी आली, पण फाटकापाशीच उभी राहिली. गल्लीतल्या बायका आपापल्या दारातून पाहत होत्या. मुलीनं मात्र बुधियाला हाताला धरून आईजवळ बसवलं आणि पुण्याला परतताना मला म्हणाली, "मावशी, ती राहू दे इथंच. आईनं तिला आणलंय." तेव्हापासून बुधियाचे पाय मी धुते. रूथबाईंचा हात पाहून पाहून शिकले होते.

परवा संध्याकाळी पट्टी बांधून मी उठणार, तेवढ्यात बुधिया म्हणाली, "जरा बस." तिनं हात जोडले, डोळे मिटले. वाटलं, आता रूथबाईंसाठी काही मागेल. पण ती गल्लीतली नावं घेऊ लागली. कोपऱ्यावरच्या कमलचे गुडघे, तिच्या सुनेचं बाळंतपण, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा दमा... येणं सोडलेल्यांपैकी एकही घर तिनं गाळलं नाही.

"बाई रोज नावं घेत होती," डोळे न उघडता ती म्हणाली. "जे येत नव्हते, त्यांचं पहिले."

मग अडखळली. "समोरच्या घरच्या म्हातारीचं नाव का वो?"

"अंजना," मी म्हटलं.

"अंजनाबाई," ती म्हणाली. समोरचं दार बंद होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता.