लेन्सवरची काळपट काच

ताईची हळद खरवईला आमच्या अंगणात भर दुपारी होती. व्हिडिओ काढायला उल्हासनगरहून एक काका आले होते. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, म्हणून त्यांच्या मदतीला मला उभं केलेलं. त्यांच्या लेन्सवर काळपट काच होती. तिची कडा ते करंगळीने हळूच फिरवायचे आणि स्क्रीनवरचं ऊन उतरायचं.

"हा एनडी फिल्टर. पांढऱ्या शर्टाकडे बघून फिरवायचा. बघतोस फिरवून?"

पांढऱ्या शर्टात बाबा होते, लांब उभे.

"ओ नवरीचे बाबा, लावा की हळद! पोरगी काय चावते का?" काकांनी हाक मारली, आणि फोटोत कधीच न हसणारे बाबा खळखळून हसले. नेमकी तेव्हाच मी कडा जास्त फिरवली. स्क्रीनवर बाबांच्या चेहऱ्यावर काळ्या सावलीची फुली पडली.

मी रडवेला झालो. काका म्हणाले, "होतं रे असं. आवाज आलाय ना? मी हे कापणार नाही."

बाबांना जाऊन वर्ष झालं. ते काका पुन्हा भेटावेत असं फार वाटतं, पण मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. व्हिडिओत ती फुली आली की आई डोळे मिटून घेते आणि ऐकत राहते.