टाकीच्या सांध्यातला साबण

नवापूरजवळ कोंबड्यांच्या एका रिकाम्या शेडमध्ये आम्ही दोघांनी चार वर्षं खपून दोन माणसांचं छोटं विमान उभं केलं. मी वर्कशॉपमधून निवृत्त झालेला वेल्डर. तो माझा शाळेपासूनचा मित्र, मोलगीच्या घाटात जीप चालवून हाडं झिजवलेला. लोक हसायचे. हसोत.

विमानाच्या पहिल्या चाचणीच्या आठवडाभर आधी ॲल्युमिनियमच्या टाकीच्या सांध्यातून पेट्रोल पाझरू लागलं. टाकी बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वरच, आणि पुढे तापलेलं इंजिन. मी त्याला बजावलं, रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून वाईट. आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, ठिणगी पडली की भडकते. धुण्याच्या पावडरीच्या गरम पाण्याने तीन-चारदा धुवायची, मग साध्या पाण्याने सांध्यापर्यंत भरायची, आणि मगच वेल्डिंग. हे मीच करणार होतो, पण बहीण आजारी पडली आणि सुरतेला जावं लागलं.

"तू जाय," तो म्हणाला. "खांडबाराले मन्हा वळखीना वेल्डर शे. तू सांगं तसंच करी लेसू."

परत आलो तर टाकी जागेवर, वर रंगसुद्धा मारलेला. "व्हई गयं," तो हसून म्हणाला. खरं सांगतो, मला गहिवरून आलं.

तरी हाताची खोड जात नाही. टाकी उतरवली, तोंडं बंद करून हलक्या दाबाने हवा भरली, सांध्यांवर फेसाचं पाणी लावलं. त्याच जागी बुडबुडे. रंग खरवडला तर खाली भेगा बुजवायची लांबी, आणि लांबीखाली कपड्यांचा साबण. घाटात जीपची टाकी ठिबकली की ड्रायव्हर असाच साबण चोळून बाजार गाठतात. टाकी धुतली नव्हती, खांडबाऱ्यालाही गेली नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली गुडघे घालून मी बसणार होतो.

"जीपले चालस, मंग याले का चालाव नही?" वर हा सवाल.

इतक्या वर्षांत मी त्याला आळशी म्हटलं असेल, लबाड कधीच नाही. तरी वाटलं, याला खरंच चालेल असं वाटलं असेल. अडाणीपणा माफ करता येतो. म्हणून एवढंच विचारलं, "मंग सकाय मन्हा संगे बसशी का?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही.

"नको," तो म्हणाला. "पहिले तू एक चक्कर मारी ये."