मापाचा पाना

मुलांनो, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी पोस्टिंग जळगावजवळच्या एका लहान मिलिटरी हॉस्पिटलला झाली. मी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. मोजक्या खाटा, एक ॲम्ब्युलन्स, आणि संध्याकाळी मेसच्या लांब टेबलावर जेवायला मी एकटी.

स्टोअरच्या भिंतीवर एक पांढरी फळी होती. तिच्यावर प्रत्येक पान्याची आकृती लाल रंगाने काढलेली, आणि आकृतीवर तो पाना टांगलेला, चकचकीत, एकेका मापाच्या नटाला नेमका बसणारा. इन्स्पेक्शनच्या वेळी एकही आकृती रिकामी दिसायला नको, म्हणून ते पाने कोणी काढतच नसे. कामाला गाडीत एक ॲडजस्टेबल पाना होता. त्याचा जबडा ढिला झाला होता.

"ऑक्सिजन सिलिंडरसाठी फळीवरचा मापाचा पाना द्या," मी म्हणत असे.

स्टोअरचे हवालदार तडवी हसायचे. "मॅडम, ते दाखवायचे दात. खायचे गाडीत आहेत."

रेग्युलेटर सिलिंडरला जोडणारा नट पितळी असतो. पितळ मऊ. ढिला जबडा नटाच्या सपाट बाजू धरत नाही, कोपऱ्यांवरून घसरतो. दर वेळी कोपरा थोडा झिजतो. बदल इतका सावकाश होतो की लक्षात येत नाही.

मे महिन्यात शिपाई गोकुळला धुळ्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायची ऑर्डर आली. छातीला मार होता. ऑक्सिजन एकसारखा हवा होता. त्याची आई दोंडाईच्याहून परस्पर धुळ्याला निघाली होती.

"माय उनी व्हई का, मॅडम?" तो वाटेत विचारत होता.

"आली असेल. बोलू नकोस."

पारोळ्याच्या पुढे सिलिंडर संपला. शेजारी भरलेला होता. रेग्युलेटर काढून त्याला लावायचा, एवढंच काम. ड्रायव्हर नाईक भालेरावने गाडी थांबवून पाना लावला. घसरला. पुन्हा लावला.

"नट गोल झालाय, मॅडम."

"दुसरा पाना?"

"फळीवर."

रस्त्याकडेच्या गॅरेजमधून त्याने मापाचा पाना आणला. तोही नुसताच फिरला. धरायला कोपरे उरले नव्हते.

"गाडी काढ. थांबू नकोस."

मी हाताने हवेची पिशवी दाबत राहिले. धुळ्याच्या अलीकडे गोकुळ गेला. मी दाबत राहिले.

हॉस्पिटलच्या फाटकाशी त्याची आई उभी होती. हातात फडकं, त्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

"जेवना का तो?" तिने विचारलं.



परत आल्यावर मी फळीवरचा पाना काढला. तडवींनी दोरी आणून दिली. आम्ही तो सिलिंडरच्या ट्रॉलीला बांधला. नटही नवा बसवला. पुढच्या इन्स्पेक्शनला साहेबांनी रिकाम्या लाल आकृतीवर बोट ठेवलं.

"मिसिंग?"

"नाही, सर," तडवी म्हणाले. "कामावर आहे."

आता या घरात नळाचा नट सोडवायचा झाला तरी मी मापाचाच पाना शोधते. कितीही वेळ लागो. माझी वाट बघणारं कोणी नसतं.

शिपाई गोकुळ, दोंडाईचा. त्या सकाळी मी भरवलेली पेज त्याने खाल्ली होती. त्याच्या आईला ते सांगायचं राहिलं.