हालू नका म्हणाले

“ये क्या बारात लेके आई हो?”

साहेबानं नाकाला रुमाल लावून विचारलं. विचारलं माझ्या लेकीला, बघितलं आम्हा बायांकडं. मागं उभी असलेली शिकणारी पोरं-पोरी हसली. हैदराबादच्या त्या दवाखान्याच्या तळघरात अंगावर काटा येईल एवढा गारवा होता, तरी माझे कान तापले.

आता तुम्हीच सांगा, लेकीनं सांगितलं होतं, डोक्याचा फोटो काढायचा आहे. फोटो म्हटल्यावर आमच्याकडची बाई नटणार नाही तर काय करणार? जवळच्या इचोड्याच्या स्टुडिओत जायचं तरी आम्ही शेजारणीचे दागिने मागून घालतो. तसंच केलं. डोक्याला भरपूर तेल चोपडलं, काजळ घातलं, जरीकाठाचं लुगडं नेसलं. माझी शेजारीण जनाबाई तर बसमध्ये सारखी म्हणत होती, “माय वं, लग्नात नाही निघाला माहा फोटो, अन आता डोस्क्याच्या आतून काढून राह्यले!”

ती मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक, हे तिथं गेल्यावर कळलं. धातूचं काही चालत नाही. जोडवी काढा, पाटल्या काढा, जरीचं लुगडं सोडा, काजळ पुसा. तिथल्या माणसानं प्लास्टिकचा ट्रे हात लांब करून धरला. “डालो इसमें.” बोटाला बोट लागू नये इतका लांब. गळ्यातली काळी पोत लग्नापासून कधी काढली नव्हती, ती काढून टाकली. सगळ्या बायांचं एकातच गुंतलं. दवाखान्याचा ढगळा अंगरखा घालून आम्ही बाकावर बसलो.

माझ्या लेकीनं त्या सगळ्या वेळात माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

साहेबानं तिला विचारलं होतं, “कौन हैं ये लोग?” ती म्हणाली होती, “गाँव की औरतें हैं, सर.”

तर ते आता नीट सांगते. नव्वदच्या पुढची ती वर्षं. लेक तिथं पीएचडी करत होती. फेलोशिप मिळाली होती तिला. आमच्या वस्तीत हा शब्द कुणी ऐकला नव्हता, विहारात टाळ्या वाजवल्या तेव्हा अर्ध्या लोकांना वाटलं पोरगी तहसीलदार झाली. तिचं काम असं, की शाळा शिकलेल्या माणसाचा मेंदू आणि न शिकलेल्याचा मेंदू या मशीनमध्ये घालून बघायचा, फरक काय पडतो ते शोधायचं. साहेब तिचे गाईड. फेलोशिप दर वर्षी पुढं चालू राहायची ती त्यांच्या सहीवर. त्यांनी हुकूम केला, न शिकलेल्या बाया आण. तिनं कुठून आणायच्या? आमच्याच वस्तीतून.

नेरडीगोंडा गावची एक बाई यायची होती, ती ऐन वेळी फिरली. तिचा नवरा म्हणाला, डोक्यात करंट सोडतात. मग लेक मला म्हणाली, “आई, तूच चाल. पण वाचता येते म्हनून सांगू नोको. अन तू माही आई हाय, हे बी नोको सांगू. घरचं मानूस चालत नाही.”

खरंच चालत नव्हतं, का तिला लाज वाटत होती, हे मी तेव्हा विचारलं नाही. लेकीचं काम अडलं होतं. मी हो म्हटलं.

पण ते वाचता येणं काही असंच आलेलं नव्हतं हो. मी शाळेची पायरी चढले नाही. लेक मराठी शाळेत जायला लागली, तेव्हा दिवसभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून आल्यावर मी तिच्या पाटीपुढं बसायची. एवढीशी पोरगी माझं बोट धरून गिरवायची. “आई, ग आसा नाही, पोट काढ त्याचं.” मी चुकले की तिच्या मास्तरासारखी डोळे वटारायची. होता होता मला वाचता यायला लागलं. पावसाळ्यात वर्षावासात विहारात ग्रंथ वाचतात, ते वाचायला पुढं मीच बसायला लागले. जनाबाई मांडीला मांडी लावून ऐकायची. म्हणजे मला अक्षर दिलं ते लेकीनं, आणि आता तीच म्हणत होती, नाही म्हणून सांग.

माझा नंबर आला. अरुंद पाटावर झोपवलं. कानात कापसाचे बोळे घातले. जन्मभर वेचला तोच कापूस. तोंडावर पिंजऱ्यासारखं काही बसवलं. हातात रबरी गोळा दिला, जीव घाबरला तर दाब म्हणाले. मग ट्रेवाल्या माणसानं हिंदीत अन तेलुगूत सांगितलं, “हिलना नहीं. कदलोद्दु.” लेक वाकून म्हणाली, “हालू नका.”

हालू नका. मला! जन्मात पहिल्यांदा तिनं मला अहो-जाहो केलं.

पाट आत सरकला. खडखड, धडधड, डोक्यावर कुणी टिनाचे पत्रे आपटतंय असा आवाज. आधीच्या बाया चुळबुळल्या, खोकल्या, त्यांचे फोटो हलले होते. मी हालले नाही. मला ते चांगलं येतं. लहानपणी पाटलाच्या दारात ओंजळ धरून बसायची, पाटलीण वरून पाणी ओतायची आणि म्हणायची, “हालू नोको वं, शिंतोडे उडून राह्यले.” तहान लागलेली असायची तरी मी दगडासारखी बसायची. कोपरावरून पाणी गळायचं, मी हात हलवायची नाही. तिथं शिकले मी. त्या शाळेत माझा पहिला नंबर होता.

आवाज थांबला. मला वाटलं झालं. पण मशीनमधला स्पीकर चालू राहिला असावा, बाहेरचं बोलणं आत यायला लागलं. साहेबाचा आवाज.

“देखो, पत्थर की तरह पड़ी है. हिलने लायक कुछ है ही नहीं अंदर.”

सगळे हसले. त्या हसण्यात एक हसू मला ओळखू आलं. बारीक, भीत भीत हसलेलं. माझ्या पोटचं.

तुम्हाला काय सांगू. साहेबाचं बोलणं मला लागलं नाही, तसली बोलणी ऐकतच केस पिकले. पण ते हसू! त्या बोगद्यात पडल्या पडल्या मला दिसलं की पाटलिणीच्या दारात मी ओंजळ धरून बसले आहे, आणि आता पाणी ओतणाऱ्यांच्या बाजूला माझी लेक उभी आहे. मी गप्प पडून राहिले तर ती तिथंच उभी राहील. जन्मभर.

मला ठाऊक होतं, बोलले तर तिची फेलोशिप जाईल. ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही.

मी गोळा दाबला. धरूनच ठेवला.

पाट बाहेर आला. पिंजरा काढला. मी उठून बसले, कानातले बोळे काढले आणि जेवढी येते तेवढ्या हिंदीत साहेबाला म्हटलं, “साब, मैं इसकी माँ है. और मेरे को पढ़ना आता है.”

कुणी हसलं नाही. साहेबानं आधी माझ्याकडं बघितलं, मग लेकीकडं. “तुमने बताया नहीं.” बास, एवढंच बोलले आणि निघून गेले. बाकावरून जनाबाई मोठ्यानं बोलली, “हे तं सारी पोथी वाचते नं, साहेब!” कुणाला म्हणाली कोण जाणे, साहेब तर जिना चढून गेले होते.

ट्रेमधून मी माझी पोत सोडवून घेतली. गाठ निघत नव्हती. लेक मदतीला आली नाही.

बसस्टँडवर बोलली.

“आई, तूनं माहं वाटोळं केलं.”

“तू हासली.”

“सगळेच हासले.”

“सगळे माह्या पोटचे नाही.”

पुढं इचोड्यापर्यंत आम्ही शेजारी बसून आलो.

साहेबानं सही केली नाही. खोटी बाई आणली हे कारण, आणि ते कारण खोटं नव्हतं. फेलोशिप गेली. लेक घरी आली, इचोड्यात एका खाजगी शाळेत शिकवायला लागली. माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. रोज तिच्या ताटात भाकर वाढताना वाटत होतं. वस्तीतली माणसं तोंडावर म्हणाली, लेकीच्या वाटेत आईच आडवी झाली. मी ऐकून घेतलं. पण केलं ते परत करीन, हेही त्याच तोंडानं सांगत राहिले.

पुढं तिला दुसऱ्या शहरात दुसरे गाईड मिळाले. काम तेच, मशीन तसलीच, पहिल्यापासून सुरुवात. निघायच्या दिवशी पिशवी भरता भरता माझ्याकडं न बघता म्हणाली, “आई, बाया लागतीन. येशीन?”

मी म्हटलं, “येईन. पण न शिकलेल्यात नाही बसनार. अन दारातच सांगाचं, सगळ्याइच्या पुढं, का हे माही आई हाय, लोकाइच्या वावरात कापूस वेचते. सांगशीन तं येते.”

ती पिशवीची चेन लावत बसली. लागत नव्हती, तरी लावत बसली. मग म्हणाली, “पायते.”

ती अजून तसं सांगते म्हणालेली नाही. मी अजून तिथं गेलेली नाही. बोलावलं तर जाईन, डोक्याला तेल लावून, जरीकाठाचं नेसून जाईन, कुणी नाकाला रुमाल लावला तर लावो. पण आधी मी कोण ते तिच्या तोंडून निघालं पाहिजे. त्याशिवाय त्या पाटावर मी पाठ टेकणार नाही. लेकीसाठीसुद्धा नाही.