पहिला बोल्ट कुणाचा

ह्वांग मानबोक गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष होता. वय सहासष्ट. मंडळात त्याच्यासकट चार तरुण, आणि त्यातल्या दोघांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. खरी तरुण पोरं केव्हाच सेऊलला गेली होती, त्यामुळे मानबोकला पदावरून हटवायला कुणी उरलंच नव्हतं. गावात सगळ्यात वडीलधारे मानले जात ते चौऱ्याऐंशी वर्षांचे यांग दुसोक. ते त्याला अजूनही "ए पोरा" म्हणत, आणि हा पोरगा दोन्ही हात पोटाशी धरून "हो काका" म्हणे. मनात काहीही असो, तोंडात 'हो काका' ठरलेलं.

गावाचा ट्रॅक्टर एकच. यांगकाका सरपंच असताना घेतलेला, म्हणजे एकोणतीस वर्षांपूर्वीचा. काकांची सरपंचकी जाऊन पंधरा वर्षं झाली, पण गावचा लाउडस्पीकर काही त्यांच्या हातून सुटला नव्हता. रोज सकाळी सहा वाजता ते हवामान, मयती आणि हरवलेल्या कोंबड्या एकाच आवाजात जाहीर करत.

त्या वसंतात ट्रॅक्टरचं हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं हेड यांच्यामधली, पाणी आणि ऑइल अडवणारी पातळ चकती. रेडिएटरचं झाकण काढलं की पाण्यात बुडबुडे, आणि इंजिनाचं ऑइल दुधाळ. मानबोकने हेड उतरवलं, जुनं चिकटलेलं गॅस्केट ब्लेडने खरवडून काढलं, दोन्ही तोंडं आरशासारखी साफ केली, नवं गॅस्केट बसवलं. ट्रॅक्टर शेतात दोन तास चालला आणि पुन्हा बुडबुडे. मग दुसऱ्यांदा तोच सगळा खटाटोप, आणि पुन्हा दोन तासांनी तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकांनी जाहीर केलं की शुक्रवारी भातशेतीसाठी तलावाचं पाणी सुटतंय, त्याआधी मानबोकला आणखी एक संधी मिळेल. या वेळीही गळलं तर ट्रॅक्टर तालुक्याच्या गॅरेजला जाईल आणि पुढची सगळी कामं तिकडचा माणूस करील. "मानबोकचा हात आता पूर्वीचा राहिला नाही," असंही त्यांनी वर जोडलं. सगळ्या गावाने ते ऐकलं. मानबोकच्या बायकोने तर नीट ऐकू यावं म्हणून नळ बंद केला होता.

चाळीस वर्षं हा माणूस गावातली इंजिनं दुरुस्त करत आला होता. त्याच्याजवळ ना मोठी शेती, ना मुलांचा गोतावळा. जे काही होतं ते हे नाव होतं.

गंमत अशी की गळतीचं कारण त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळायचे असतात. पण या गावात जेवायला बसलं की वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्याशिवाय कुणी घास घेत नाही, आणि इंजिन जोडतानाही पहिला बोल्ट वडीलधाऱ्यांचाच. मग उरलेलं काम मेकॅनिकचं. यांगकाका मोठ्या मानाने पुढे येत, पुढच्या कोपऱ्यातला बोल्ट धरत आणि पान्यावर अंगाचा सगळा भार टाकून तो असा आवळत, की जणू सरपंचकीच परत मिळवायची आहे. गॅस्केट त्या कोपऱ्यात चेपलं जाई आणि दुसऱ्या टोकाला उचललं जाई. एकदा चेपलेलं गॅस्केट पुन्हा सरळ होत नाही. हे गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना कळत होतं. पण काकांना सांगणार कोण? त्याहून गॅस्केट बदलणं सोपं.

गुरुवारी सकाळी समाजमंदिराच्या अंगणात हेड पुन्हा उघडलं गेलं. म्हातारे शेजारच्या ओट्यावर बसले आणि सल्ले देऊ लागले. मानबोक प्रत्येकाला हो म्हणत होता आणि स्वतःला हवं तेच करत होता. एवढ्यात कालमेवाल्या काकू उकडलेले बटाटे घेऊन आल्या. कालमे हे त्यांचं माहेर, त्यांचं खरं नाव गावात कुणाला आठवत नव्हतं. यांगकाकांच्या दिवंगत थोरल्या भावाची ही बायको, वय एक्याण्णव.

हेड बसलं, बोल्ट हाताने लावून झाले. काका उठले, बाह्या सरसावल्या. ऐनवेळी मानबोकला सुचलं.

"काका, एक विचारायचं होतं," तो हात पोटाशी धरून म्हणाला. "आपल्या गावात वयाने सगळ्यात मोठं कोण?"

"हा काय प्रश्न झाला? मी."

"हो काका. पण मग काकूंचं काय?"

काका म्हणाले की बायकांचा इंजिनाशी काय संबंध. मानबोकने मान डोलावली आणि हळूच म्हणाला, "खरंय काका. पण थोरल्या वहिनी समोर उभ्या असताना तुम्ही आधी हात लावला, तर लोक उद्या तुम्हालाच नावं ठेवतील. मला आपलं वाईट वाटेल."

काकांना यातून वाट दिसेना. आयुष्यभर ज्या रिवाजावर ते बसून होते, तोच रिवाज आता त्यांच्या छातीवर बसला होता. त्यांनी पाना दोन्ही हातांनी वहिनीपुढे धरला.

काकूंनी बटाट्यांचं टोपलं खाली ठेवलं आणि दिराकडे नीट पाहिलं. "सत्तर वर्षं झाली मला या गावात येऊन. माझं वय आजच मोजायला घेतलंत होय?" मग त्या मानबोककडे वळल्या. "कुठला पिळू रे?"

त्याने मधला दाखवला. एक्याण्णव वर्षांच्या मनगटात जेवढी ताकद होती तेवढीच लागली, म्हणजे हवी तेवढीच. पुढचं मानबोकने केलं, मधून बाहेर, तीन फेऱ्या.

ट्रॅक्टर वरच्या शेतात दोन तास चालला, मग आणखी दोन तास. झाकण उघडलं तर पाणी स्वस्थ पडलेलं, एक बुडबुडा नाही. लोकांनी यांगकाकांचं अभिनंदन केलं. वहिनींचा केवढा मान राखला, अशी माणसं आता राहिली नाहीत, असं म्हणत सगळे जेवायला गेले. मानबोक हत्यारं गोळा करत राहिला.

काका मात्र ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, "ए पोरा, मागच्या दोन्ही वेळी माझ्या हाताने बिघडलं का?"

गॅस्केटच खराब निघालं होतं, हे उत्तर मानबोकच्या जिभेवर तयार होतं. पण ते बाहेर पडेना.

"हो काका."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

मानबोकला राग आला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्याला लपवता आला नाही. "बोलू कधी, काका? सहासष्ट वर्षांचा झालो. या ओट्यासमोर चाळीस वर्षं उभा आहे. तुम्ही मला अजून बस म्हणाला नाहीत."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे. बस असं ते तेव्हाही म्हणाले नाहीत. फक्त ओट्यावर जरासे सरकले. मानबोकने आधी हाताचं ऑइल नीट पुसलं आणि मग तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला.