रविवारी ताट न घेणाऱ्या सिस्टरबाई

बालाघाटच्या बसस्टँडजवळ आमचं लहानसं हॉटेल आहे. नवरा स्वयंपाकघर बघतो, मी काउंटरवर बसते. रविवार आमचा सगळ्यात धावपळीचा दिवस. सकाळी पोह्यांसाठी भरवेलीच्या खाणीतले लोक बायकापोरांना मोटरसायकलवर बसवून येतात. एक वाजला, की चर्चमधली प्रार्थना आटोपून इस्त्रीच्या कपड्यांतली कुटुंबं यायला लागतात.

त्यांतलंच एक कुटुंब दोन वर्षांपूर्वी दर रविवारी येऊ लागलं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि म्हातारी आई. आई दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली. सगळे तिला सिस्टरबाई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. चौघे पोटभर जेवायचे. सिस्टरबाई मात्र ताट घ्यायच्या नाहीत. नातवाला रोटीचे तुकडे करून द्यायच्या, नातीच्या फ्रॉकवर सांडलेली भाजी पुसायच्या आणि पिशवीतल्या बाटलीतलं पाणी प्यायच्या. आमच्या टेबलावरच्या जगमधलं पाणीसुद्धा नाही.

आधी वाटलं, पथ्य असेल. मग मनात आलं, आमच्या हातचं चालत नसेल का? आम्ही बौद्ध. असं काही मनात यायला आम्हाला वेळ लागत नाही. नवऱ्याला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "गिऱ्हाइकाले असं विचारत नसतात." पण मला चैन पडेना. एका रविवारी नातवंडं हात धुवायला गेली तेव्हा मी पाण्याचा जग घेऊन त्यांच्या टेबलाजवळ गेले.

"सिस्टरबाई, तुम्ही काहून जेवत नाही? आमचं काही चुकलं का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी नेमकं काय विचारतेय, ते बहुतेक त्यांना कळलं. त्यांनी हात पुढे करून माझ्या हातातला जग घेतला, ग्लासात पाणी ओतलं आणि अर्धा ग्लास प्यायल्या.

"आता पटलं? तसं काही नाही पोरी. रविवार प्रभूचा दिवस. त्या दिवशी आपण आराम कराचा अन आपल्यासाठी दुसऱ्याले राबवाचं, हे मले जमत नाही. जगमधलं पाणीही कोणीतरी भरते, म्हणून घरून आणते."

मुलगा जरा ओशाळला. "आई, हे लोग तसेही काम करूनच राह्यले. तू नाही खाल्लं म्हणून यांचा चुल्हा बंद होणार आहे का?"

"नाही होणार," त्या म्हणाल्या. "पण एक रोटी तरी कमी भाजली जाते ना."

सून शाळेत शिकवते. ती हसत मला म्हणाली, "खरं सांगू का? घरी रविवारी गॅस पेटत नाही. शनिवारचं थंडं खाऊन पोरं कंटाळली, म्हणून आम्ही इथं येतो."

म्हणजे सिस्टरबाईंच्या नेमामुळेच आमच्याकडे गिऱ्हाईक येत होतं. मला गंमत वाटली, पण त्या हसल्या नाहीत. "हौ. सुनेले आराम भेटते अन तिचं काम तुम्ही करता. याचं उत्तर मले अजून सापडलं नाही."

"मग तुम्ही येता कशाले?"

"नातवंडांसंग बसाले. रुसून एकटी घरी बसू का?"

माझं कुतूहल संपेना. विचारलं, "दवाखान्यात तर तुम्ही रविवारीही ड्यूटी केली असेल ना?"

"केली. कोणाचं बाळंतपण सोमवारपर्यंत थांबते?" मग त्यांनीच विचारलं, "तुही सुट्टी कोणत्या दिवशी असते?"

आमचं हॉटेल सातही दिवस चालायचं. लग्नाआधी मी रविवारी सकाळी आईबरोबर विहारात वंदनेला जायची. पांढरी साडी नेसून, न चुकता. हॉटेल सुरू झालं आणि जाणं सुटलं. ते कधी सुटलं, हेही आठवेना.

त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात एकेकाला विचारत सुटले, सुट्टी मिळाली तर कोणता दिवस पाहिजे? आमचा आचारी रामपायलीचा. तो म्हणाला, "मंगळवार द्या. माहा उपास राह्यते, अन उपाशीपोटी दुसऱ्यासाठी मटण शिजवनं लई जिवावर येते." इतकी वर्षं तो आमच्याकडे होता आणि हे मला ठाऊक नव्हतं. भांडी घासणारी मावशी म्हणाली, "कोणताही द्या. फक्त त्या दिवशी घरी पाव्हणे नको याले."

नवरा सहजासहजी तयार झाला नाही. दोन दिवस आमचं बोलणं तुटक झालं. शेवटी मंगळवारी हॉटेल बंद ठेवायचं ठरलं आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी काउंटर त्यानेच सांभाळायचं कबूल केलं. पहिल्या रविवारी विहारात गेले, तेव्हा वंदनेतल्या ओळी माझ्या तोंडात अडखळल्या. शेजारी बसलेल्या आईने आवाज थोडा वाढवला आणि मी तिच्या मागोमाग म्हणत गेले.

सिस्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, शाबासकी वगैरे दिली नाही. पण पुढच्या बुधवारी बाराच्या सुमारास त्या एकट्याच रिक्षातून उतरल्या. खिडकीजवळ बसून त्यांनी चिकन थाळी मागवली. सावकाश, हाडं चोखून सगळं संपवलं आणि दुसऱ्यांदा भात घेतला. मग सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आचाऱ्याला विचारू लागल्या की मसाला आधी भाजतो की वाटून मग परततो. आचारी हात पुसत बाहेर आला. गिऱ्हाइकं वाढली होती, नवरा मला खुणावत होता, पण त्या दोघांचं बोलणं संपेपर्यंत मी एकही ऑर्डर आत पाठवली नाही.